मदत हवी आहे: डिजिटल सहीचा जन्मदाखला पोर्तुगालला कसा चालेल?

मुंबईत जन्मलेल्या मुलीचा दाखला पोर्तुगालच्या नोंदणी कार्यालयात द्यायचाय. दोन्ही देश १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात आहेत, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचं प्रमाणपत्र) लागलं की दूतावासाचा शिक्का नको. दाखला म्हणजे डिजिटल सहीची पीडीएफ. मेलने पाठवली, तर तिकडे सहीवर प्रश्नचिन्ह. आपल्या सीसीएचं (डिजिटल सह्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा) मूळ प्रमाणपत्र युरोपच्या विश्वासयादीत नाही. इथे ॲडोबमध्ये ते हाताने ‘ट्रस्टेड’ केलं की हिरवी खूण येते, पण तिकडचा कारकून कशाला एवढं करेल! प्रिंट काढली की डिजिटल सही मेलीच. पोर्तुगीज भाषांतर तयार आहे, कागद कुरिअरने पाठवायलाही हरकत नाही.

आता अपोस्टिलसाठी ई-सनद या सरकारी पोर्टलवर अर्ज करताना ही पीडीएफच चढवावी, की आधी पालिकेकडून शाईच्या सहीची प्रत घेऊन गृह विभागाचं साक्षांकन करावं? नुकतंच कोणी केलंय का?