'पारदर्शक जलचिन्ह': दोन्ही शब्द चूक?

कोथरूडकर: जुन्या वाड्यांच्या फोटोंवर टाकायला इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचा वॉटरमार्क कसा करायचा, याचं मराठी टिपण लिहितोय. मजकूर टाइप करा, 'फिल अँड स्ट्रोक'मध्ये ओपॅसिटी (रंग किती ठळक दिसतो ते) ३० टक्क्यांवर आणा, पीएनजी एक्स्पोर्ट करा. शीर्षक दिलं 'पारदर्शक जलचिन्ह'. तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्द खोडले. म्हणाल्या, पारदर्शक असेल तर दिसेल कसं? आणि ओपॅसिटीला पारदर्शकता म्हटलंत तर आकडा उलटा होईल. काय लिहू?

शुद्धलेखनी: बाईंचं बरोबर आहे. काच पारदर्शक, तेल लागलेला कागद अर्धपारदर्शक, भिंत अपारदर्शक. 'अर्धपारदर्शक जलमुद्रा' लिहा आणि 'अपारदर्शकता ३० टक्के'.

खवचट पुणेकर: 'अपारदर्शकता ३० टक्क्यांवर आणा' वाचून लोक माहिती अधिकारात अर्ज टाकतील. आणि अर्ध म्हणजे निम्मं ना? मग ३० ला पाऊणपारदर्शक म्हणायचं का? 'पुसट' लिहा की सरळ.

जुळारी: पुसट नको. छापखान्यात पुसट म्हणजे शाई कमी पडलेला छाप, गिऱ्हाईक पैसे कापतं त्याचे. आम्ही 'फिकं' म्हणायचो. जलमुद्रा तर मुळीच नको. मुद्रा कागदावर उमटते, वॉटरमार्क कागदाच्या पोटात असतो. जाळीवर तारेची नक्षी बसवली की तेवढ्या जागी लगदा पातळ बसतो, आणि कागद उजेडात धरला की नक्षी उजळ दिसते. इटलीतल्या फाब्रियानोत १२८२ पासून हे चाललंय. लगदा जाळीवर कसा धरतात ते शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन बघा. तुम्ही फोटोवर नाव चढवताय, तो वॉटरमार्कच नव्हे.

खवचट पुणेकर: काका, मग शाई म्हणजे फक्त काळीच. फारसीत 'सियाह' म्हणजे काळा. लाल शाई वापरायची बंद करा.

शुद्धलेखनी: म्हणूनच 'मसी' म्हणावं.

कोथरूडकर: जरा कामाचं. मजकुराचे पाथ, म्हणजे आकार करून सुट्या अक्षरांच्या फिलचा (आतल्या रंगाचा) अल्फा, म्हणजे त्या रंगाचीच ओपॅसिटी, कमी केला, तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे गडद ठिपके येतात. सगळ्यांचा ग्रुप करून ओपॅसिटी ग्रुपला दिली की नाही येत. म्हणजे फिलची वेगळी, ऑब्जेक्टची वेगळी. एका शब्दात भागणार नाही.

जुळारी: युनियन मारा, अख्खा शब्द एक आकार होतो. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात सांध्याला फट दिसायची, तुमच्याकडे डाग दिसतो. शिरोरेषेने कुणाला सुखाने जगू दिलंय!

नारायणपेठी: जलचिन्ह म्हटलं की मला १९६१ चं पानशेतच आठवतं, धरण फुटून पुण्यात पूर आला तो. पाणी भिंतीवर जिथवर चढलं ती खूण. आई तिला 'पाण्याची रेघ' म्हणायची. इंग्रजीतही वॉटरमार्कला हा अर्थ आहेच.

शुद्धलेखनी: त्याला पूररेषा म्हणतात.

नारायणपेठी: पूररेषा नकाशावर असते हो, निळी आणि लाल. आमच्या भिंतीवर रेघच होती.

खवचट पुणेकर: निळ्या रेषेच्या आत जे बांधकाम उठलंय, त्याची अपारदर्शकता किती टक्के धरायची?

कोथरूडकर: मंडळी, टिपण उद्या द्यायचंय.

शुद्धलेखनी: देता येईल. आधी रेघ की रेषा ते ठरू द्या.