हॅरी पॉटर संपलं, आता काय वाचू?

हॅरी पॉटरनंतर काय, यावर सगळे जाडजूड सिरीज सुचवतायत, पण मी म्हणेन आधी उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्याच, १९६८ चं आहे, छोटंसं, त्यातला तरुण जादूगार गेड गर्वापोटी स्वतःच एक काळी सावली मोकळी सोडतो नि मग तिच्यापासून पळत राहतो आणि शेवटी उलटा तिच्याच मागे लागतो, तो समुद्रप्रवास काय लिहिलाय!! मोठ्या लढाया नाहीत तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मग फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स'. त्यातली नायिका लायरा, तिच्या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात सोबत असतो, लहानपणी त्याचं रूप सारखं बदलतं, वयात आलं की एकच कायम होतं (ही कल्पनाच मला प्रचंड आवडते). पुढचे दोन भागही ओळीने वाचा, तिसरा जरा जड जातो. भुताखेतांचं चालत असेल तर गार्थ निक्सचं 'सॅब्रिएल' पण.