गोलकीपर ४० मिनिटांत ७ किलोमीटर कसा काय धावला?

पेठेतला_बॅक

मंडळी, डोकं आउट झालंय. मी कोल्हापूरचा, दिवसा अकाउंट्स बघतो, रात्री पायथनमध्ये कोड लिहितो. फुटबॉलचा डेटा कसा वाचायचा ते शिकवणाऱ्या लॉरी शॉचे व्हिडिओ बघत मेट्रिका कंपनीच्या मोफत ट्रॅकिंग डेटावर (दर फ्रेमला कोण कुठं होतं त्याची नोंद) शिकलो. तिथं सगळं सुरळीत. शून्य ते एकमधले आकडे १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर बसवले, वेग काढला, स्प्रिंट मोजले. मग सुरसुरी आली, आपल्याच टीमचं करू. (कुठली टीम ते सांगत नाही, इथंच भांडण लागायचं.)

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत ट्रायपॉड लावून सेकंदाला २५ फ्रेमनं ४० मिनिटं शूट केलं. कॅमेरा जागचा हलला नाही. योलो या मॉडेलनं माणसं शोधली, ते प्रत्येकाभोवती चौकट आखतं. ओपनसीव्ही या लायब्ररीत मैदानाचे चार कोपरे देऊन होमोग्राफी केली, म्हणजे चित्रातला बिंदू मैदानावर कुठं येतो ते काढलं, आणि चौकटीचा मध्यबिंदू मैदानावर उतरवला. वेगावर सात फ्रेमची रोलिंग सरासरीही (दर फ्रेमला आजूबाजूच्या सात फ्रेमची सरासरी) लावली.

तर आमचा गोलकीपर ७.२ किलोमीटर! तो बॉल आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवतो. आणि एका कॉर्नरला आमचा स्टॉपर ताशी १३० नं गेला. चुकतंय कुठं?

डावा_पाय_पुणे

कीपरला बक्षीस द्या आधी.

भावा, दोन गोष्टी. चौकटीचा मध्य म्हणजे माणसाची कंबर. होमोग्राफी फक्त जमिनीवरच्या बिंदूंना लागू पडते. कंबर जमिनीपासून मीटरभर वर, म्हणून ती कॅमेऱ्यापासून लांब कुठंतरी पडते. कीपरनं हात वर करून आरडाओरडा केला की चौकट उंच होते, मध्य वर सरकतो आणि उभ्या जागी गडी पलीकडच्या बाजूला 'धावतो'. चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य घे, म्हणजे पाय.

दुसरं, फ्रेममध्ये जागचं न हललेलं माणूस कोण होतं? त्याच्यावर हाच कोड चालव.

पेठेतला_बॅक

हात वर करून ओरडणं हा आमच्या कीपरचा मुख्य धंदा आहे, त्यामुळं ते पटलं. पाय घेतल्यावर तो ५.९ वर आला.

न हललेला माणूस म्हणजे गोलमागं स्टुलावर बसलेला फोटोग्राफर. पूर्ण वेळ बूड हललं नाही त्याचं. आमच्या कोडप्रमाणं तो ४.८ किलोमीटर पळालाय.

सिग्नलवाली_ताई

फोटोग्राफरनंच उत्तर दिलं की तुम्हाला. ४० मिनिटं म्हणजे ६०,००० फ्रेम. चौकट दर फ्रेमला सरासरी आठ सेंटिमीटर थरथरली तरी ४,८०० मीटर होतात. एका फ्रेमचा वेळ ०.०४ सेकंद, म्हणजे ही थरथर सेकंदाला दोन मीटर वेग दाखवते. माणूस बसलेला असताना!

आता तुमची रोलिंग सरासरी. ती वेगावर लावलीत, तिथंच घोळ आहे. तुमचा वेग म्हणजे दिशा नसलेला नुसता आकडा, तो कधी उणे होत नाही. डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ सरकलं तर खरं अंतर शून्य, पण तुमच्या खात्यात सोळा जमा. सोळाची सरासरी कितीही काढा, एकूण बेरीज जवळपास तेवढीच राहणार. अकाउंट्सवाल्याला हे सांगायला नको! आधी मैदानावरच्या जागेचे एक्स आणि वाय वेगवेगळे गुळगुळीत करा, तिथं अधिक-उणे एकमेकांना खातात, मग फरक काढा. शॉ यांच्या कोडमध्येही दोन्ही दिशांचे वेग वेगवेगळे गुळगुळीत होतात, सॅव्हित्स्की-गोले या थरथर काढणाऱ्या फिल्टरनं, एका वेळी सात फ्रेम घेऊन. मेट्रिकाचा डेटा मुळात स्वच्छ, त्याला सात पुरतात. तुम्ही २५ ठेवा, म्हणजे एक सेकंद. त्याच्या पुढं जाऊ नका, नाहीतर खरे छोटे स्प्रिंटही दाबले जातील.

ताशी १३० म्हणजे कॉर्नरच्या गर्दीत कोडनं दोघांना दिलेले आयडी (ओळख-नंबर) अदलाबदल झालेत. सेकंदाला १२ मीटरच्या वरचं सगळं गाळा, शॉ तेच करतात. ताशी ४३ होतात ते. बोल्टनं २००९ ला बर्लिनमध्ये ताशी ४४.७ गाठले होते. तुमचा स्टॉपर बोल्ट नसावा असं धरून चालते. पण ही गाळणी आधी, फिल्टर नंतर. उलटं केलंत तर ती उडी आजूबाजूच्या फ्रेममध्ये पसरेल.

पेठेतला_बॅक

ताई, नाद खुळा! फोटोग्राफर १९० मीटर, कीपर २.३ किलोमीटर. फोटोग्राफरला आता कायम ठेवतोय, दर मॅचला पहिला आकडा त्याचा बघायचा.

एकच राहिलं. पलीकडच्या टचलाइनचा विंगर अजून थरथरतोय, अलीकडचा नाही. कोड तोच.

डावा_पाय_पुणे

कॅमेरा अलीकडं आहे ना. लांबच्या कडेला एका पिक्सेलमध्ये जास्त मैदान मावतं, म्हणून तेवढीच थरथर तिथं मीटरमध्ये मोठी दिसते. गॅलरीत अजून वरच्या पायरीवर जा. आणि पलीकडं एखादा न हलणारा माणूस शोध, राखीव खेळाडू चालेल.

पेठेतला_बॅक

आमचे राखीव एका जागी बसत नाहीत. लाइनमनच्या मागं चहावाला असतो, त्याला विचारतो.