पाच वर्षांवरून सहा महिने

'सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आधार निकालाने काही बदललं नाही' हे मला अर्धंच पटतं. पॅनची जोडणी आणि अनुदानासाठीची सक्ती राहिली, हे खरं. पण बँक खातं आणि सिमसाठीची सक्ती त्याच निकालाने उडवली, आधार कायद्याच्या कलम ५७ मधली, खासगी कंपन्यांना ओळख पटवायला आधार वापरू देणारी वाटही बंद केली. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट नोंदींची आहे. तुम्ही कधी, कुठे अंगठा टेकवला याची नोंद पाच वर्षं ठेवायची मुभा होती. कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली. पाच वर्षांच्या नोंदींतून माणसाची अख्खी दिनचर्या उभी करता येते हो!

आता रडगाणं. कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने बँक आणि सिमसाठी 'स्वेच्छेने' आधार द्यायची सोय परत आली. गेल्या वर्षी आईचं सिम बदलायला गेलो, तर दुकानातल्या पोराने काही न विचारता अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. पासपोर्ट दाखवला तर म्हणे, "काका, त्याला दोन दिवस लागतील." आईने तोवर पदराला बोट पुसून अंगठा टेकवलाही होता. झाली स्वेच्छा.