शब्दचर्चा : ‘स्लॅक की’ला मराठीत काय म्हणावं?

सैलतार
मंडळी, अडलोय. हवाई बेटांवरच्या पारंपरिक गिटारवादनावर एका संगीतमंडळाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहितोय. या वादनाला तिकडे ‘की होऽअलु’ म्हणतात, इंग्रजीत ‘स्लॅक की’. की म्हणजे खुंटी, होऽअलु म्हणजे ढिली करणे. गिटारच्या नेहमीच्या काही तारा खाली आणायच्या. मग मोकळ्या तारा छेडल्या तरी भरीव सूर मिळतो. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वर गाणं वाजवतात. मी लिहिलं ‘सैल खुंटीची गिटार’. संपादकांनी खोडून ‘उतरलेली गिटार’ केलं. ‘उतरलेली’ म्हटलं की मला आंबूस वास येतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जवारी
संपादक अर्धे बरोबर आहेत. तार उतरवतात किंवा चढवतात. ‘सैल’ तार आपोआप झालेली असते, वाजवणाऱ्याच्या मनाविरुद्ध. आणि खुंटी सैल असेल तर वाद्य दुरुस्तीला न्यायचं, मैफलीला नाही. पण ‘उतरलेली गिटार’ही नको, कारण उतरवली आहे ती तार, गिटार नव्हे. ‘उतरत्या तारांची गिटार’ म्हणा. बाय द वे, लावतात कशी?

सैलतार
सगळ्यात चालणारी लावणी ‘टॅरो पॅच’. सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर खाली. ‘जी’ (G) हा षड्ज धरला तर खालून वर प सा प सा ग प असं मिळतं. दुसरा एक गट ‘वाहिने’ लावण्यांचा. वाहिने म्हणजे बाई. त्यातल्या एकीत चौथ्या स्थानावरचा सा आणखी अर्धा स्वर उतरवून शुद्ध निषाद करतात आणि वाजवताना त्या निषादावरून बोट आपटून सा वर येतात. ते वळण ऐकूनच मी या नादाला लागलो.

जवारी
म्हणजे तंबोऱ्याने ठेकाही धरायचा आणि गायचंही! निषादावरून सा वर येणं तर आमच्या घरचंच. या सुतावर मी तुमचा सगळा लेख वाचीन, नाव काहीही द्या.

परसदार
टॅरो म्हणजे आपलं अळू ना? टॅरो पॅच म्हणजे अळवाचा वाफा. आणि ‘होऽअलु’त अलु! संस्कृतात आलु म्हणजे कंद. त्यात बाईला म्हणे वाहिने. वहिनी!! आता कोकणातून गलबतं कुठवर गेली होती ते कुणीतरी शोधाच. (ह. घ्या. पण फार हलकंही नको.)

अर्धमात्रा
परसदार, वहिनींना इथेच राहू द्या. हाच शब्द सामोआत ‘फाफिने’ आहे, टोंगात ‘फेफिने’. हवाईत पहिल्या फ चा व झाला म्हणून आपल्याला नातं दिसलं. अळवाला तिकडे ‘कालो’ म्हणतात. पॉलिनेशियात इतरत्र जिथे त आहे तिथे हवाईत क, जिथे र आहे तिथे ल. म्हणून तारोचा कालो, तापूचा कापू. नीइहाउ बेटावर अजून बोलण्यात त ऐकू येतो. आणि ‘होऽअलु’तल्या ‘अलु’ची सुरुवात कंठातल्या अडसराने होते, तो एक स्वतंत्र व्यंजन आहे. तुमच्या आलूत तो कुठाय?

परसदार
अडसर आपण गिळला असेल. आपण काय काय गिळलंय!

सैलतार
त्या अडसराचाच दुसरा प्रश्न होता. मी तो अवग्रहाने दाखवतोय. बरोबर आहे का?

अर्धमात्रा
मुळीच नाही. मराठी वाचक अवग्रह पाहिला की स्वर ताणतो, ‘आईऽऽ’ करतो तसा. इथे नेमकं उलटं हवं, स्वर तोडायचाय. बंद तोंडाने ‘अं-अं’ करून नको म्हणतो तेव्हा मधे जो अडसर बसतो, तो हा ‘ओकिना’. वरचा स्वल्पविराम वापरा. आणि हे हौसेचं सोवळं नव्हे. ‘मोआ’ म्हणजे कोंबडी, ‘मो’आ’ म्हणजे शिजलेलं. ‘काउ’ म्हणजे तुझं, ‘क’उ’ म्हणजे माझं. अडसर गिळलात तर माझं-तुझं उलटं होईल.

सैलतार
पण ‘क’उ’ लिहिलं की लोक ते छपाईची चूक समजतील. आणि शेवटचा ऱ्हस्व अ? ‘हुला’चा ल त्यांच्याकडे ऱ्हस्वच आहे. पण ‘हुल’ लिहिलं की मराठी माणूस हूल देऊन मोकळा.

अर्धमात्रा
तिथे देवनागरी हरते, मान्य. शेवटचा अ आपण खातो, म्हणून आ लिहावाच लागतो. बाकी दीर्घ आ-ई-ऊ साठी त्यांना अक्षरावर रेघ मारावी लागते, आपल्याला ते जन्मजात. ए-ओ मात्र त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही, आपले एकेकच. एकूण सामना बरोबरीत.

भाषाशुद्ध
मूळ प्रश्नाकडे वळू या. ‘शिथिलकुंचिका’ का चालू नये? ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द आले तेव्हाही लोक हसलेच होते. आज त्यावाचून अडतं.

जवारी
कुंचिका म्हणजे कुलपाची किल्ली. गिटार लावायची आहे, दार नाही.

शिकागोकर
भाषाशुद्ध यांना एक माहिती. ‘की’ हा शब्द हवाईयनांनी स्वतःच इंग्रजीतून उचललाय. गिटारला ते ‘कीका’ म्हणतात. १८३०च्या दशकात राजा तिसरा कामेहामेहा याच्या काळात मोकाट गुरं आवरायला मेक्सिकोकडचे स्पॅनिश बोलणारे गुराखी आणले, त्यांच्याबरोबर गिटार आली असं सांगतात. त्या गुराख्यांना नाव पडलं ‘पानिओलो’, म्हणजे ‘एस्पान्योल’. गिटार राहिली, तारा मात्र ज्याने त्याने आपल्या गळ्याप्रमाणे लावल्या. घराण्याच्या लावण्या परक्याला दाखवत नसत. ज्यांनी वस्तूसकट शब्द घेतला आणि आपल्या तोंडात बसवला, त्यांच्या शब्दाला आपण संस्कृत मुंडावळ्या बांधायच्या?

भाषाशुद्ध
म्हणजे त्यांच्यात शुद्धीचा आग्रह नाही?

शिकागोकर
आहे की, तुमच्याहून कडक. नवे शब्द ठरवायला त्यांची समिती आहे, तिचा ‘मामाका काइआओ’ नावाचा कोशही आहे. संगणकाला कुणी ‘लोलोउइला’ म्हणतं, म्हणजे विजेचा मेंदू, तर कुणी सरळ ‘कामेपिउला’. त्यावरून तिथेही आपल्यासारखीच जुंपते. फरक इतकाच की आपण हे भरल्या पोटी करतो. १८९३ मध्ये त्यांची राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केलं, १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत घरात हवाईयन बोलणारी मुलं जवळपास संपली. १९७८ मध्ये राज्यघटनेत ती अधिकृत भाषा झाली. १९८४ मध्ये काउआइ बेटावर पहिली ‘पूनाना लेओ’ बालवाडी निघाली. नावाचा अर्थ आवाजांचं घरटं. तिथे लहानांशी फक्त हवाईयनच बोलायचं. आज माझ्यासारखा शिकागोत बर्फ उपसत उलुकाउच्या संकेतस्थळावर कोश चाळतो, तो त्या घरट्यातल्यांच्या जिवावर.

जुना_वाजंत्री
उशिरा आलो. मला एक कळेना. आमच्या ऑर्केस्ट्राच्या काळात हवाईयन गिटार म्हणजे मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी, तारेवरून मींड घेत फिल्मी गाणी. व्हॅन शिपलींच्या तबकड्या ऐकून शिकलो आम्ही. ही उभी, बोटांनी दाबायची कुठून आली? तुम्ही लोक हिला हवाईयन गिटार म्हणाल तर आम्ही काय वाजवत होतो?

सैलतार
दादा, दोन्ही तिथल्याच. तुमची ती ‘कीका किला’, स्टील गिटार. जोसेफ केकुकू याला तिचं श्रेय देतात, १८८०च्या दशकाच्या अखेरीचं. तारा दाबायच्या ऐवजी त्यांवरून पोलाद सरकवायचं. जगभर गेली ती हीच. म्हणून आपल्याकडे ‘हवाईयन’ हा शब्द तिलाच चिकटला.

जुना_वाजंत्री
आणि कलकत्त्याला ती मुरली. ताऊ मो आणि त्यांचं कुटुंब १९४०च्या दशकात तिथे राहून वाजवत होतं, शिकवत होतं. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, विश्वमोहन भटांनी मोहन वीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. तेव्हा भारतात ‘हवाईयन गिटार’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. तुमच्या लेखात तो बदलू नका म्हणजे झालं. नाव शोधताय ते याच कारणाने शोधा.

परसदार
विचित्र वीणेवर आपण आधीपासून काचेचा गोळा फिरवतच होतो. केकुकूच्या आधी भारतात जन्मलेल्या कुणा डेव्हियनने तिथे हे केलं असाही दावा वाचलाय. बघा, शेवटी आपलंच.

जुना_वाजंत्री
परसदार, कांडी हातात घेऊन एक ‘सा’ लावून दाखवा, मग कुणाचं ते ठरवू.

परसदार
बरं, राहिलं. पण हवाई चप्पल तरी तिकडचीच ना? का हवेशीर असते म्हणून हवाई?

भाषाशुद्ध
हवेवरून नाही. हवाई दल, हवाई सुंदरी यांतली हवा अरबी. चपलेतली हवाई त्या बेटांची. ब्राझीलमध्ये १९६२ पासून हीच चप्पल ‘हवाइयानस’ नावाने विकतात, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ हवाईच्या बायका.

शिकागोकर
आणि आकार जपानी झोरीचा. उसाच्या मळ्यांत आलेल्या जपानी मजुरांबरोबर तिकडे गेला. रच्याकने, बेटांचं नाव त्यांच्या तोंडी ‘हवाइ’इ’ आहे, शेवटी दोन इ आणि मधे अडसर. पण मराठीत ‘हवाई’ रुळलाय, तो राहू द्या. नाहीतर चप्पलही तोडून लिहावी लागेल.

अर्धमात्रा
सैलतार, लेखात गाण्यांचे अनुवाद आहेत का?

सैलतार
एकच आहे, ‘काउलाना ना पुआ’. १८९३ मध्ये नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला राजेशाही बँडमधल्या वादकांनी नकार दिला, तेव्हाचं. एलन प्रेंडरगास्ट यांचं. माझा कच्चा अनुवाद: ‘सरकारच्या पैशाच्या राशींची आपल्याला पर्वा नाही, आपल्याला दगड पुरे, या भूमीचं ते अद्भुत अन्न.’

अर्धमात्रा
‘आपल्याला’ नाही! मूळात ‘माकोउ’ आहे. हवाईयनात दोन ‘वी’ आहेत: ‘काकोउ’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. ‘माकोउ’ म्हणजे आम्ही, ऐकणारा बाहेर. आम्हाला दगड पुरे. पैसे देणारे तुम्ही त्यात नाही. सगळं गाणं या एका सर्वनामावर उभं आहे आणि इंग्रजी अनुवादात ते सपाट होतं. मराठीला ते आयतं येतं, तर दवडू नका.

शिकागोकर
+१. आमच्या ऑनलाइन वर्गात यावरच घोळ चालला होता. अमेरिकन मुलं डोकं धरून बसलेली. मी आणि एक गुजराती बाई (‘आपणे-अमे’वाल्या) गप्प हसत होतो. मग कुमुंनी ‘माउआ’ आणि ‘काउआ’ काढले, म्हणजे आम्ही दोघं आणि तू-मी दोघं, आणि आमचंही हसू गेलं. कुमु म्हणजे शिक्षक. झाडाच्या बुंध्यालाही कुमुच म्हणतात.

भाषाशुद्ध
मराठीला इतकंही आयतं येत नाही. ‘आपण बसा’मध्ये आपण म्हणजे तुम्ही. ‘आपण नाही बुवा घाबरत’मध्ये आपण म्हणजे एकटा मी.

जवारी
पण वादक हे गाणं आपसात गात असणार. एकमेकांना धीर देताना ‘आपल्याला दगड पुरे’ हेच म्हणतील. सैलतारचं कानाला बरोबर वाटतं.

अर्धमात्रा
आपसात गायचं असतं तर काकोउ होता ना हाताशी. तो न घेता माकोउ घेतलाय. तोंड शेजारच्या वादकाकडे नाही, सरकारकडे आहे.

सैलतार
‘आम्हाला’ करतो. पण हे गाणं मी इकडे गातो तेव्हा माझ्या तोंडी ‘आम्ही’ शोभतं का?

शिकागोकर
गाताना शब्द बदलायचे नसतात. बोल त्यांचे, आपण नुसता गळा द्यायचा. मात्र लेखात तळटीप द्या की ‘आम्ही’मध्ये लेखक नाही.

जुना_वाजंत्री
इतका विचार केला असता तर आम्ही एकही गाणं वाजवलं नसतं. गझल कुणाची, बासरी कुणाची. वाजवा हो.

शिकागोकर
दादा, वाजवायला कुणीच नको म्हणत नाही. त्या गाण्यात राज्य गेलंय, एवढं माहीत असलं की झालं.

सैलतार
वर माझं-तुझं निघालं म्हणून विचारतो. कोशात ‘माझं’ला ‘क’उ’ही दिसतं आणि ‘को’उ’ही. गाण्याला कुठलं?

अर्धमात्रा
दोन्ही, अर्थ वेगळे. ‘क’उ मेले’ म्हणजे मी रचलेलं गाणं, ‘को’उ मेले’ म्हणजे माझ्या गौरवार्थ दुसऱ्याने रचलेलं. आपण रामदासांची आरती म्हणतो आणि गणपतीची आरतीही म्हणतो, दोन्हीकडे ‘ची’. हवाईयन माणूस रामदासांना ‘क’उ’तला ‘आ’ लावेल आणि गणपतीला ‘को’उ’तला ‘ओ’.

जवारी
ऐला! हे फार भारी आहे. आणि ‘शिवाजीचा पाळणा’? गाणंही तेच, वस्तूही तीच.

अर्धमात्रा
ज्यात माणूस बसतो-निजतो अशा वस्तूंनाही ओच लागतो. घर, होडी, घोडा. म्हणजे पाळणा दोन्ही अर्थांनी ओ.

परसदार
आणि हवाई चपलेला?

अर्धमात्रा
अंगावर घालायच्या गोष्टी, ओ. पण तुमची असेल तर मी अपवाद करीन.