कॉन्टेसाचा बंपर: डावीकडे १२ एमएम, उजवीकडे २६. वाकडं कोण?

गावभागकर_सांगली

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, कारण वैतागही तेवढाच आहे.

गाडी हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक, १९९३ ची, अठराशे सीसीचं इसुझू इंजिन. आप्पांनी तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराकडून सेकंडहँड घेतलेली. लांब नाक, चौकोनी तोंड, म्हणून हौशी लोक हिला आपल्याकडची मसल कार (मोठ्या इंजिनाची दणकट अमेरिकन गाडी असते ती) म्हणतात. म्हणोत बापडे, घाटात मागून ऊसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतो तेव्हा मला हिचं खरं वय कळतं.

माझ्या गाडीचा पुढचा बंपर जुना, लोखंडी, निकेल केलेला. तो तोंडापासून इतका पुढे होता की मधल्या फटीत मांजर बसेल. (बसायचंही. शेजारच्यांचं.) अमेरिकेत जुन्या गाड्यांचे बंपर आखूड करून बॉडीच्या अंगालगत घेतात, ते पाहून माझ्या डोक्यात किडा शिरला. कुपवाडच्या एका डेंटरकडून दोन्ही बाजूंनी ३५-३५ एमएम कापून घेतला, वेल्डिंग झालं, नवे ब्रॅकेट केले आणि परवा बंपर चढवला.

बंपर आणि मडगार्डमधली फट डावीकडे १२ एमएम, उजवीकडे २६. शिवाय उजवं टोक ८ एमएम खाली. समोरून पाहिलं की गाडी एका गालात हसते.

डेंटर म्हणतो, "साहेब, बंपर सरळच आहे. तुमची बॉडी वाकडी." उपाय म्हणून ब्रॅकेटची भोकं लांबट करायची, डावीकडे वायसर (वॉशर) घालायचे आणि उजव्या मडगार्डवर आठ-दहा एमएम पुट्टी भरायची. "कुणाच्या बापाला दिसणार नाही." कोल्हापूरचा निकेलवाला शनिवारी बंपर मागतोय. हो म्हणू का?

एक सांगायचं राहिलं. २०१९ च्या पुरात गाडी गावभागातच होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या बोळात बोनेट दिसत नव्हतं.

विटा_रायडर

एवढा कशाला ताप? लोखंडी काढा, फायबरचा बनवून घ्या, काळा मॅट मारा. हलका, गंज नाही, फट पाहिजे तेवढी. माझ्या बोलेरोला केलाय.

गावभागकर_सांगली

बोलेरोला शोभत असेल भाऊ. कॉन्टेसाला फायबर म्हणजे पैठणीवर रेनकोट.

शिक्का_मोर्तब

फटीतलं मला काही कळत नाही, मी कागदपत्रातला माणूस. एवढंच सांगतो की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल डोक्यात ठेवा: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही. टोकं उघडी, धारदार ठेवू नका, नंबरप्लेट आणि इंडिकेटर जागच्या जागी असू द्या. पुढे पाईपचा गार्ड बसवायची हौस असेल तर आत्ताच विसरा, डिसेंबर २०१७ पासून त्याविरुद्ध केंद्राचं पत्र आहे.

आणि "व्हिंटेज म्हणून नोंदवून घेऊ" असं कुणी सुचवेल तर २०२१ च्या नियमात त्यासाठी ५० वर्षं लागतात. कॉन्टेसा निघाली १९८४ ला, म्हणजे पहिली गाडीसुद्धा २०३४ च्या आधी बसत नाही. त्यातही चॅसी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत अशी अट आहे. कुठे अखंड जुना बंपर मिळाला तर घेऊन माळ्यावर टाका.

मिस्त्री_मिरज

नातू टाईप करतोय, मी सांगतोय. चुकलं तर त्याचं.

दादा, शनिवारी बंपर द्यायचा नाही. निकेलवाल्याला सांगा, घरात लग्न निघालं. निकेल हे सगळ्यात शेवटचं काम. आधी तांबं चढतं, त्याला बफ मारून वेल्डिंगचा सांधा लपवायचा, मग निकेल, मग क्रोम. एकदा ते झालं की परत भोक पाडायचं नाही आणि लांबट करायचं तर नाहीच. जिथं थर तुटला तिथून गंज शिरतो आणि निकेल पापडासारखं सुटतं. भोकं आत्ता पक्की झाली पाहिजेत.

कापायच्या आधी जुनं निकेल-क्रोम उतरवलं होतं का? त्याच्यावरच वेल्डिंग केलं असेल तर सांध्यात बारीक छिद्रं राहतात, आणि तो धूर छातीला वाईट. तुमच्या डेंटरला विचारा. गप्प बसला तर समजून जा.

आता वाकडं कोण. हे बोलून ठरत नाही, मोजून ठरतं. गाडी चारी चाकांवर सपाट फरशीवर उभी करा, जॅकवर नाही. हवा चारीत सारखी. फरशी सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हल पाईपनं बघा, डोळ्यानं नाही. मग खालून दोन्ही बाजूंची जोडीची भोकं शोधा, पुढं दोन आणि मागं दोन. ती कंपनीनं पाडलेली असतात, डाव्या-उजव्याला सारखी. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडा, फरशीवर खडूनं फुली मारा, गाडी मागं ढकला. फरशीवर चार फुल्या राहतात. तिरकं माप घ्या, हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. दोन-तीन एमएमचा फरक असला तर बॉडी सरळ. पंधरा-वीस आला तर डेंटर खरं बोलतोय, आणि मग हे काम माझ्यासारख्या हातोडीवाल्याचं नाही, ओढायच्या बेंचचं आहे.

बंपर पण मोजा. जमिनीवर उलटा ठेवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणा, मधोमध खूण करून दोन्हीकडचं अंतर घ्या. वेल्डिंग गार होताना पत्रा ओढतं. एका बाजूला एका दमात मारलं असेल तर ते टोक आत वळणारच. चार टाके, थांबायचं, परत चार टाके, असं मारायला पाहिजे होतं.

पुट्टी दहा एमएम? पत्र्यावर पुट्टी म्हणजे भाकरीवर तूप, दिसलं की जास्त झालं. दोन-तीन एमएमच्या वर गेली की हादऱ्यानं तडकते. फ्रिजवरचा चुंबक घ्या आणि उजव्या मडगार्डवरून फिरवा. जिथं धरणार नाही तिथं आधीच कुणीतरी तूप वाढलंय.

आणि पुराची गाडी आहे तर आधी तिथं बघा जिथं बंपरचा ब्रॅकेट बॉडीला लागतो. तिथं पोकळ पेटी असते. पाणी उतरतं, गाळ उतरत नाही.

कराडचा_मिशिगनात

मिस्त्रींच्या शब्दापुढे माझं काही नाही, पण इथं अमेरिकेत शेजाऱ्याच्या १९६९ च्या शेव्हर्ले कॅमेरोवर हेच काम शनिवार-रविवार बघतोय, म्हणून दोन गोष्टी. बंपर आखूड करून आत घ्यायची टूम तुम्ही म्हणता ती इथली. पण हे लोक बंपरला हात शेवटी लावतात. आधी दार, दाराला धरून मडगार्ड, मडगार्डला धरून बोनेट, मग तोंडाचा पत्रा. गेल्या रविवारी अर्धा दिवस नुसतं दाराच्या बिजागरीत गेला, मी चहा करत होतो.

या कॅमेरोला पुढचा अर्धा सांगाडा वेगळा असतो आणि तो बॉडीला बोल्टनं लागतो. तिथं सगळं वाकडं दिसलं तर आधी तो सांगाडा सरकलाय का बघतात, त्यासाठी जुळवायची भोकं कंपनीनंच दिलेली असतात. शेव्हेलसारख्या गाड्यांत पूर्ण चॅसी वेगळी, मध्ये रबर. रबर बसलं की बॉडी खाली येते आणि बंपर आहे तिथंच राहतो. कॉन्टेसा मूळची व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीची, एकसंध बॉडीची, वेगळी चॅसी नाही. तिच्यात सरकायला काही नाही. म्हणजे फरक एक तर वाकल्यानं, नाही तर कुणीतरी मध्ये काहीतरी घातल्यानं.

जाता जाता: १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ, जिला बरेच जण पहिली मसल कार मानतात, तिचं इंजिन ३८९ घन इंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं. तुमच्या साडेतीन कॉन्टेसा. पण १९६८ ला त्याच जीटीओला त्यांनी बॉडीच्या रंगाचा, दाबला तर परत वर येणारा बंपर दिला, निकेलची भानगडच नाही. पुढे १९७३ पासून ताशी ५ मैलांची धडक सोसायचा नियम आला आणि इथले बंपर खाटेच्या दांड्याएवढे झाले. तुमच्या फटीत मांजर बसायचं, त्या गाड्यांवर माणूस बसेल.

गावभागकर_सांगली

चार दिवसांनी हजर.

आधी फुल्या. ओळंबा गवंड्याचा, लेव्हल पाईप त्याचाच, फरशी भावाच्या हळदीच्या गोदामातली, गाडी ढकलायला तिथले तीन हमाल. तिरकं माप २ एमएमनं चुकलं, बस्स. म्हणजे बॉडी सरळ.

बंपरला सुतळी लावली. उजवं टोक दीड एमएम पुढे निघालेलं. तेवढं चालेल.

मग चुंबक. उजव्या मडगार्डवर दिव्याच्या मागे तळहाताएवढी जागा, चुंबक घसरून खाली पडला. मिस्त्री, तूप होतं.

शेवटी उजवा ब्रॅकेट उघडला. आतून काय निघालं ते क्रमानं सांगतो: तीन वायसर, प्रत्येकी अडीच एमएम. त्यांच्यामागे ५ एमएमची पट्टी, मूळ पत्र्यावर वरून वेल्ड मारून चिकटवलेली. साडेसात आणि पाच, साडेबारा. वर सुतळीचा दीड. १४ एमएमचा हिशोब पैन् पै लागला. पट्टीचं भोक मूळ भोकापेक्षा खाली, म्हणून टोक खाली.

पट्टी कापली तर मूळ पत्रा ओल्या बिस्किटासारखा. बोट घातलं तर आरपार. आणि पेटीतून गाळ निघाला, सहा वर्षांचा, दोन तांबे भरून. वरचा वाळून ढेकूळ झालेला, आतला अजून ओलसर. हातावर घेतला तर तोच वास, पूर उतरल्यावर घराच्या भिंतीतून यायचा तो. आई बाहेर आली आणि काही न बोलता आत गेली.

पट्टी कुणी मारली? पूर गेल्यावर ज्या गॅरेजात गाडी उभी केली त्यांनी. पण सांगणारा मीच: "आत्तापुरतं चालतं करा." तेव्हा घरात चार फूट चिखल होता, गाडीच्या पेटीत कोण डोकावणार. डेंटरलाही उगाच बोललो. त्याच्या हातात आली तेव्हा पट्टीवर काळा अंडरकोट होता. अर्थात मोजलं त्यानंही नाही.

मिस्त्री_मिरज

कुजलेलं सगळं कापा, चांगला पत्रा दिसेपर्यंत. नवा तुकडा मूळ जाडीचाच, जाड लावला तर तो टिकतो आणि शेजारचा फाटतो. पेटी बंद करायच्या आधी आतून रेड ऑक्साईड, नंतर भोकातून मेणाचा फवारा. खालचं पाणी जायचं भोक बुजवू नका. आपले लोक तेच आधी बुजवतात. बंपर लावताना दोन्ही फटीत एकाच जाडीच्या फळीचे तुकडे अडकवा, खालून जॅकवर लाकूड ठेवून उचला, मग ब्रॅकेटला टाका मारा. फळी सहज निघाली की पक्कं करा.

गावभागकर_सांगली

झालं. १२ एमएमच्या प्लायचे तुकडे घातले होते. आता डावीकडे १२, उजवीकडे १३. टोकं बरोबरीत. मडगार्डची जुनी पुट्टी खरवडली, खाली नुसता पोचा होता, डॉली-हातोडीनं वर आला. डेंटरनं नवीन तुकड्याचे पैसे घेतले, मजुरी नाही. मीही आग्रह केला नाही.

निकेलचं बोललो. वेल्डिंगच्या आधी थर उतरवला नव्हता, एका सांध्यात दोन छिद्रं सापडली. आता कोल्हापूरवाला आधी पूर्ण साफ करून देणार, मग सांधा परत भरायचा, मग तांबं. तीन आठवडे म्हणालाय.

तोवर गाडी बंपरशिवाय बोळात उभी आहे. समोरच्या काकू म्हणाल्या, कवळी धुवायला दिली वाटतं. मांजर दोन दिवस येऊन बघून गेलं, आता बोनेटवर झोपतं.