तानाजीची घोरपड आता सोडून द्यायची का?

डोणजेकर:
रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खात बसलो होतो. शेजारचे आजोबा नातवाला सांगत होते, "घोरपडीला दोर बांधला आणि तीनशे मावळे वर!" नातू म्हणाला, "मग घोरपड खाली नाही आली?" आजोबांनी मडक्यातलं दही मागवलं.

पोराचा प्रश्न रास्त आहे. पाच-सात किलोचं जनावर माणसाचा भार कसा पेलणार? लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. त्यानंतर तीसेक वर्षांच्या आत लिहिलेल्या सभासद बखरीत, म्हणजे कृष्णाजी सभासदाच्या शिवचरित्रात, घोरपड नाहीच. निवडक दोन मावळे वानरासारखे कडा चढले, वरून माळ (दोराची शिडी) सोडली, मग बाकीचे गेले. अंधारात कातळाला बोटं रोवणाऱ्या त्या दोघांचं श्रेय आपण घोरपडीला देऊन बसलोय. गडावर गोष्ट सांगताना तरी तिला रजा द्या.

कपारीतला:
असहमत. घोरपड कपारीत शिरून अंग फुगवते तेव्हा ओढून काढून बघा! आणि घोरपडे हे आडनाव कुठून आलं? बहमनी काळात खेळणा, म्हणजे विशाळगड, घोरपड लावून सर केला म्हणून भोसल्यांच्या एका शाखेला ते मिळालं, असं सांगतात. सगळंच हवेतलं कसं असेल?

डोणजेकर:
ती आख्यायिका सिंहगडाच्या दोनशे वर्षं आधीची. तानाजीचा पोवाडा रचणाऱ्या शाहिरानं तिथूनच उचलली असेल, असं मला वाटतं. आणि कपार हवी तिथेच सापडेल, घोरपड तिथेच थांबेल, हे तिला सांगणार कोण?

डफवाला:
तुम्ही दोघंही वजनकाटा घेऊन बसलात. शाहीर तुळशीदासाच्या त्या पोवाड्यात घोरपड अर्ध्या कड्यावरून माघारी फिरते. तो अपशकुन आहे. तानाजी तिलाच कापून खायची धमकी देतो, आणि ऐकणाऱ्याला तिथेच कळतं की हा गडी परत येत नाही. घोरपड काढलीत तर ती जागाच जाईल. दोर कशाला बांधला होता हे कोण विचारतंय?

जुनी मोडी:
घोरपड काढायची तर 'गड आला पण सिंह गेला' हेही काढा. त्यावरून गडाला नाव पडलं म्हणतात, पण १६६३ च्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव आहे, तानाजी पडायच्या सात वर्षं आधी. सभासदाकडे महाराजांचं वाक्य वेगळं आहे: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

डोणजेकर:
हे माझ्याच बाजूचं झालं की! माणसालाच गड म्हटलंय. सिंहापेक्षा मला हेच भारी वाटतं.

डफवाले, अपशकुनाचं मान्य. पोवाड्यात राहू दे तिला, माघारी फिरताना. पण कड्यापाशी उभं राहून पोरांना सांगताना आधी ते दोघे मावळे.

कपारीतला:
त्यांची नावं?

डोणजेकर:
बखरीत दिलेली नाहीत. घोरपडीला मात्र आपण 'यशवंती' म्हणतो.